भिंतीवरची माणसं

दुखण्यातून उठल्यावर डॉक्टर म्हणाले, "थोडी हवा बदला." बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत हवा म्हणजे कटिंग ऑइलचा वास आणि ग्राइंडरची धूळ. मग यशवंतपूरहून वास्कोची गाडी पकडली आणि मुलाबाळांसह पणजी गाठली.

मुलं मिरामारच्या वाळूत रमली. मी अडकलो बाजाराच्या भिंतींपाशी. तिथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं मोठी करून रंगवलेली आहेत. टपोरे डोळे, टोकदार नाकं, गर्दीतही प्रत्येकाची लगबग वेगळी. १९२६ ते २०११ एवढ्या आयुष्यात या माणसानं किती चेहरे निरखले असतील! चित्राखालून एक मासेवाली पाटी घेऊन गेली. तिनं वर पाहिलंही नाही.

आमच्या गल्लीतल्या भिंतींवर शेडचे नंबर आणि 'कामगार पाहिजेत'च्या पाट्या. शिफ्ट सुटली की कन्नड, तमिळ, हिंदी आणि आमची बेळगावी मराठी एकदम रस्त्यावर येते. त्या गर्दीतला एक चेहरा डोळे मिटून आठवू पाहिला, तर नुसते गणवेश दिसले. हे आत्ताच का खुपावं?

परतताना धाकटी म्हणाली, "बाबा, आपल्या शेडवर कुणाचं चित्र काढायचं?" मी अजून विचारच करतो आहे.