मारात मुक्काम किती?

"तिथं वाघ दिसेल ना?"

भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या एका क्वार्टरच्या व्हरांड्यात काकूंनी हा प्रश्न टाकला आणि काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. आफ्रिकेत वाघ नाही. काकूंनाही ते ठाऊक होतं. सवयीनं तोंडून निघालं. दोघं मूळचे अमरावतीकडचे. काका भिलाई पोलाद कारखान्याच्या, म्हणजे बीएसपीच्या, रेल मिलमधून निवृत्त झालेले, कान्हाला नऊ वेळा जाऊन आलेले आणि आता केनियाला निघालेले. भिलाईतून अशा जंगलवाऱ्या आखून देणं हा माझा धंदा. काकूंचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, कारण भिलाईकरांचे आफ्रिकेचे बेत बहुतेक वेळा याच सवयीपायी फसतात.

त्या दिवशी काकांच्या हातात एका एजंटाचं रंगीत पत्रक होतं. सात रात्री: नैरोबी एक, अंबोसेली एक, नैवाशा एक, नाकुरू एक, मसाई मारा दोन, पुन्हा नैरोबी एक. नकाशावर देखणं दिसतं. गाडीतल्या तासांची बेरीज केली तर वीसच्या वर जाते. अंबोसेलीला दुपारी पोचायचं, एक फेरी मारायची आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघायचं. किलिमांजारोचं ५,८९५ मीटरचं शिखर तिथून दिसतं खरं, पण बहुधा पहाटे नाहीतर संध्याकाळी. दिवसभर ते ढगांत असतं. एक रात्र म्हणजे एकच पहाट, आणि ती ढगाळ निघाली तर पैसे भरून ढग पाहायचे. काकांनी पत्रकावर आडवी रेघ मारली. रेल मिलच्या माणसाला लांबी मोजायला शिकवावं लागत नाही.

नवी आखणी अशी झाली: नैरोबी एक, अंबोसेली दोन, नैरोबीमार्गे छोट्या विमानानं मारा, तिथं चार. नाकुरूचा गेंडा सुटला. काकूंना तो हवा होता, म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

मारात चार रात्री कशाला, असं सगळेच विचारतात. उत्तर कान्हात सापडतं. भिलाईहून कवर्धा, चिल्पीचा घाट, मग मुक्की गेट, असा साधारण पाच तासांचा रस्ता इथल्या मराठी घरांना पाठ आहे. कान्हात सकाळची फेरी, दुपारची फेरी, वेळ ठरलेली. जिप्सी आणि गाइड पाळीनं मिळतात. सालाच्या जंगलात नजर वीस-तीस पावलांपलीकडे पोचत नाही, म्हणून सारा खेळ कानांचा. चितळ ओरडलं, वानर खाकरलं, की गाड्या तिकडे धावतात. वाघ दिसला तर फेरी सार्थकी लागली, नाहीतर 'यंदा काही नाही'. बाराशिंगा बिचारा मोजणीतही येत नाही. वास्तविक हाच कठीण जमिनीवरचा बाराशिंगा १९७० साली कान्हात ६६ वर आला होता आणि जगात दुसरीकडे कुठंही उरला नव्हता.

मारात हे उलटं होतं. १,५१० चौरस किलोमीटरचं गवताळ रान, दोन-दोन किलोमीटरवरचा प्राणी उघड्या डोळ्यांना दिसतो. सिंह पहिल्याच दिवशी दिसतो. मग कान्हाच्या सवयीचा पाहुणा दुसऱ्या दिवशी विचारतो, "आता पुढे काय?" पुढे सिंहाचं काय चाललंय ते पाहायचं. चित्तीण वारुळावर चढून हरणांचा कळप न्याहाळते, खाली उतरते, गवतात दिसेनाशी होते. यात कधी तीन तासही जातात आणि शेवटी शिकार हुकते. हे पाहायला सवड हवी, म्हणून चार रात्री. पहिला दिवस हावरेपणात जातो, दुसऱ्या दिवशी माणूस निवतो, खरं पाहणं तिसऱ्या दिवशी सुरू होतं.

कानांना इथंही काम असतं, पण डोळ्यांना जास्त. टोपी नावाचं तांबूस हरीण वारुळावर उभं राहून एकाच दिशेला टक लावून पाहतंय, जिराफांची मान एका झुडपाकडे वळली आहे, गिधाडं घिरट्या सोडून खाली उतरताहेत: ही तिथली वर्दी. चालक-गाइड वायरलेसवर स्वाहिलीत बोलतात. सिम्बा म्हणजे सिंह, चुई म्हणजे बिबट्या, दुमा म्हणजे चित्ता, एवढे तीन शब्द निघण्यापूर्वी पाठ करून घ्यावेत. बाकी स्वाहिली मराठी माणसाला फार परकी नाही. गाडीला गारी, दुकानाला दुका, चपातीला चपातीच. खुद्द 'सफारी' हा शब्दही अरबी 'सफर'मधून आलेला, आपल्या सफरीचा सख्खा भाऊ.

चित्त्याबद्दल थोडं विषयांतर. ज्या छत्तीसगडातून ही मंडळी चित्ता पाहायला आफ्रिकेला जातात, तिथंच भारतातले शेवटचे नोंदलेले तीन चित्ते मारले गेले. १९४७ साल, कोरिया संस्थान, महाराजा रामानुज प्रताप सिंह देव यांची रात्रीची शिकार. त्याची हकीकत छायाचित्रासह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे गेली, म्हणून आज आपल्याला ती माहीत. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते कुनोत उतरले. मारात पहिला चित्ता दिसला की मी पाहुण्यांना कोरियाची गोष्ट सांगतो. गाडीतली बडबड थोडा वेळ थांबते.

आता हंगाम. टांझानियातलं सेरेंगेटी आणि मारा मिळून तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट, सोबत झेब्रे आणि गॅझेल, पावसामागे वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारी अखेरीपासून मार्चपर्यंत ते दक्षिण सेरेंगेटीच्या आखूड गवतावर वितात. बरीचशी वासरं दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर कळप मारात असतात आणि नदी ओलांडण्याचे ते प्रसिद्ध प्रसंग तेव्हाच घडतात. नदी कोणत्या दिवशी ओलांडली जाईल याची हमी देणारा एजंट दिसला, तर त्याच्याकडे बुकिंग करू नये. हजारो जनावरं काठावर येतात, तासभर उभी राहतात आणि कारण नसताना परत फिरतात. माझ्या एका गटानं सलग दोन दिवस हेच पाहिलं. तिसऱ्या दिवशी गट नैरोबीच्या रस्त्याला लागला.

शाळेतली मुलं असलेल्या घरांची अडचण वेगळी. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तिकडचा मोठा पाऊस, मार्च ते मे. राहण्याचे दर उतरतात, पण मारात बऱ्याच भागात काळी कापसाची जमीन आहे. वऱ्हाडातल्या माणसाला तिचा चिखल समजावून सांगायला नको. गाडी एकदा रुतली की वऱ्हाडात बैल नाहीतर ट्रॅक्टर, मारात दुसरी गाडी. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात गेली तर कळप दक्षिणेला वळलेले असतात आणि छोटा पाऊस सुरू झालेला असतो. तरी मारा रिकामं होत नाही. सिंह, हत्ती, बिबटे, तरस तिथले कायमचे रहिवासी. गर्दी कमी, गवत हिरवं. मला स्वतःला हा काळ आवडतो.

खर्चाचा एक आकडा आधीच कागदावर मांडावा. माराचं प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढ माणसाला दिवसाला २०० डॉलर आहे, उरलेल्या सहा महिन्यांत १००. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचं. म्हणजे दुपारी तीनला आत शिरलात तरी सगळ्या दिवसाचे पैसे भरलेत. काकांसारख्या जोडप्याचे तीन दिवस १,२०० डॉलर, खोली आणि गाडी सोडून. मग एखादा दिवस लगतच्या खाजगी राखीव रानात काढणं परवडतं. ही रानं मसाई कुटुंबांची जमीन भाड्यानं घेऊन चालवलेली असतात, गाड्या मोजक्या असतात आणि माराच्या आत ज्याला बंदी आहे ती रात्रीची फेरीही तिथं मिळते.

दुसरी चूक नकाशाची. मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात, तेव्हा 'सकाळी मारा, दुपारी सेरेंगेटी' असं घरी बसून ठरतं. विल्डबीस्टला ते जमतं, पासपोर्टवाल्याला नाही. पर्यटकाला पश्चिमेकडे इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालून जावं लागतं आणि जवळजवळ सारा दिवस त्यात जातो. पहिल्या वारीला एकच देश पुरे.

गाडी आणि माणूस यांवर मात्र काटकसर नको. कान्हासारखा रोज नवा गाइड नसतो. एकच चालक-गाइड शेवटपर्यंत सोबत राहतो. केनियात गाइडांच्या संघटनेचे कांस्य, रौप्य, सुवर्ण असे बिल्ले असतात. त्याच्याकडे कोणता आहे, हे खुशाल विचारावं. आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल एवढीच माणसं गाडीत घ्यावीत, मग भाऊजी रुसले तरी चालतील.

कागदांपैकी पिवळ्या तापाची लस कुणी विसरू नये. ती सरकारनं नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि दाखला जन्मभर चालतो. तो नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावरच विलगीकरणाची पाळी येते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. दुसरी गोष्ट प्लास्टिकच्या पिशव्यांची. केनियात २०१७ पासून त्यांना बंदी आहे, आणि आपल्या घरात तर चिवडा पिशवीत, लाडू पिशवीत, चपला पिशवीत, पिशव्याही पिशवीत. हे सगळं डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरायला काकूंना आठवडा लागला.

पहाटे उठण्याची काळजी या पाहुण्यांना नसते. तीस वर्षं फर्स्ट शिफ्ट केलेला माणूस साडेचारला आपोआप जागा होतो. मारात काका चालकाच्या आधी गाडीपाशी उभे असणार, हे मला लिहून द्यायला हरकत नाही.

उरलं सामान. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडणाऱ्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ हवी. काकांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर बॅग ठेवली. सोळा किलो चारशे ग्रॅम. दुर्बीण गळ्यात अडकवली, जाकीट अंगात चढवलं, बूट पायांत. पुन्हा ठेवली: चौदा किलो तीनशे. दुकानदार म्हणाला, अजून सातशे ग्रॅम बसतील. काकू घरी गेल्या आणि चकलीचा डबा घेऊन आल्या.