दिसतं तसं नसतं... हॉलंडमध्येसुद्धा!

ट्युलिप्स, कालवे, सायकली आणि छाती भरून घ्यावीशी वाटणारी हवा. नेदरलँड्स म्हणजे स्वच्छतेचं पोस्टरच! पण या पोस्टरची मागची बाजू पाहिलीय कधी?

नेदरलँड्स म्हटलं की आपल्या आई-बाबांच्या पिढीला आठवतो १९८१चा 'सिलसिला'. अमिताभ, रेखा आणि क्युकेनहॉफ बागेतले ट्युलिप्सचे रंगीबेरंगी पट्टे. आपल्या पिढीला आठवतात सायकली, चीज आणि इन्स्टावर टाकायला परफेक्ट असे कालवे. ट्रेनच्या खिडकीतून पाहिलं तर मैलोनमैल हिरवं कुरण, त्यावर काळ्या-पांढऱ्या गायी आणि मागे संथ फिरणारी पवनचक्की. वाटतं, बस्स! प्रदूषण हा शब्दच या लोकांच्या डिक्शनरीत नसणार.

थांबा जरा. तो शब्द त्यांच्या डिक्शनरीत आहे, पेपरात आहे, निवडणुकीत आहे आणि कोर्टातही आहे. डोळ्यांना दिसणारी घाण डच लोकांनी बऱ्यापैकी हटवली. न दिसणारीशी त्यांची मारामारी अजून चालू आहे.

गर्दी? ती तर तिथेही आहे!

आधी एक गैरसमज दूर करू. 'त्यांना काय, तिकडे माणसंच किती!' हे वाक्य या देशाला लागू नाही. देश केवढा? साधारण ४१,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही थोडा कमी. त्यातला बराच भाग पाणी. आणि माणसं? २०२४मध्ये त्यांनी १ कोटी ८० लाखांचा टप्पा ओलांडला. जमिनीच्या दर चौरस किलोमीटरला पाचशेहून जास्त! २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा हाच आकडा होता ३६५.

वर देशाचा सुमारे पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली. एवढ्याशा जागेत युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर रॉटरडॅम, स्किफोलसारखा अवाढव्य एअरपोर्ट, केमिकल कारखाने, काचेची ग्रीनहाउसेस आणि जगातल्या आघाडीच्या शेतमाल निर्यातदारांत नंबर लावणारी शेती. म्हणजे 'गर्दी आहे हो, काय करणार' ही आपली ठेवणीतली सबब त्यांनाही देता आली असती.

सायकल आकाशातून पडली नाही

युट्रेक्ट स्टेशनखालचं सायकल पार्किंग बघायला पर्यटक जातात, खरंच! तीन मजले आणि १२,५०० सायकलींची सोय. २०१९मध्ये पूर्ण झालं तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं होतं. फॉर्मल सूट घातलेले मॅनेजर, पुढच्या पेटीत दोन पोरं बसवलेल्या आया, सत्तरीतले आजोबा... सगळे एका लायनीत. देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत.

पण हे डच लोकांच्या रक्तातच आहे असं समजू नका. साठ-सत्तरच्या दशकात तिथेही मोटारींचंच राज्य होतं. १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. मग आई-बाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' असं थेट नाव घेऊन आंदोलन उभं राहिलं. त्यात १९७३चं तेलसंकट आलं आणि सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवायला लागल्या. लोकांनी मोकळे रस्ते पाहिले आणि त्यांना ते आवडले!

युट्रेक्टनेच सत्तरच्या दशकात जुना कालवा बुजवून तिथे मोटारींचा रुंद रस्ता केला होता. पुढे तो रस्ता उखडला आणि २०२०मध्ये तिथे पुन्हा पाणी खेळायला लागलं. आज त्यावर बोटी फिरतात. नदीपात्रातून रस्ते काढायची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांनी जाऊन बघावी अशी ही जागा आहे.

हवेचं म्हणाल, तर पीएम २.५ नावाच्या सूक्ष्म धुळीची वर्षाची सरासरी तिथे घनमीटरला दहा मायक्रोग्रॅमच्या आत असते. भारतात सरकारमान्य मर्यादाच ४० आहे! पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ती मर्यादा ५ वर आणली. त्या पट्टीने मोजलं, तर हा 'स्वच्छ' देशही नापासच.

माशांसाठी डोअरबेल!

पाण्याची गोष्ट आणखी मजेदार. युट्रेक्टच्या जुन्या कालव्यावर एक दरवाजा आहे, वीर्डस्लाउस नावाचा. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या दिशेला निघतात आणि या बंद दरवाजापाशी अडकतात. तिथे ताटकळले, की पक्ष्यांचा आणि मोठ्या माशांचा आयताच नाश्ता! यावर २०२१मध्ये एक भन्नाट आयडिया निघाली. पाण्याखाली कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र इंटरनेटवर सोडलं. जगात कुठेही बसलेल्या माणसाला मासा दिसला, की त्याने स्क्रीनवरची बेल दाबायची. मग दरवाजा सांभाळणारा कर्मचारी तो उघडतो. ऑफिसात एक्सेलच्या खिडकीमागे ही खिडकी उघडी ठेवणारे खूप आहेत म्हणे!

आम्स्टरडॅममध्ये वेस्टरडॉकजवळ २०१९पासून पाण्याच्या तळाशी भोकं पाडलेला पाइप टाकलाय. त्यातून हवेचे बुडबुडे सोडतात. बुडबुड्यांचा पडदा प्लास्टिकचा कचरा वर आणि कडेला ढकलतो, मासे आणि बोटी मात्र आरामात आरपार जातात. आणि हो, याच शहराच्या कालव्यांतून दरवर्षी १२ ते १५ हजार सायकली क्रेनने बाहेर काढाव्या लागतात. सगळेच डच काही संत नाहीत!

त्यांच्या दारात येणारी ऱ्हाईन ही आधी स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी अशा सगळ्यांचं सांडपाणी घेऊन येणारी नदी. १ नोव्हेंबर १९८६ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवताना कीटकनाशकं पाण्याबरोबर नदीत गेली, नदी लाल झाली आणि मेलेले मासे तरंगायला लागले. त्या धक्क्यातून नदीकाठचे देश १९८७मध्ये एकत्र आले आणि २०००पर्यंत ऱ्हाईनमध्ये सामन मासा परत आणायचा असं ठरलं. मासा परत आला.

एवढं सगळं करून निकाल काय? युरोपियन युनियनच्या कसोटीवर 'चांगल्या' पर्यावरणीय स्थितीत असलेले डच जलाशय आणि प्रवाह जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. वरून पाणी नितळ, आत खतांचा आणि कीटकनाशकांचा अंश. ट्युलिप आणि लिलीच्या कंदांची शेतीही त्यात हातभार लावते. 'सिलसिला'वाल्यांनी हे मनावर घेऊ नये!

हिरवळीतला अमोनिया

आता त्या ट्रेनच्या खिडकीतल्या गायींकडे परत या. या छोट्याशा देशात ३७-३८ लाख गुरं, कोटीच्या घरात डुकरं आणि माणसांच्या कितीतरी पट कोंबड्या आहेत. या सगळ्यांच्या शेणामुतातून अमोनिया हवेत जातो. मोटारी आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड्सही त्यात मिसळतात. मग हा नायट्रोजन जंगलांवर आणि माळरानांवर उतरतो.

खतच ना, मग वाईट काय? तेच तर! आर्नमजवळच्या फेलुवे भागात ऑगस्टमध्ये हीदरची जांभळी फुलं माळरानभर पसरतात. हीदरला निकस, वाळूची जमीन लागते. फुकटचं खत मिळालं की गवत माजतं आणि हीदर हटतं. माती आम्लयुक्त होते, तिच्यातलं कॅल्शियम धुऊन जातं. मग गोगलगायी कमी होतात. त्या खाऊन कॅल्शियम मिळवणारा ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा पक्षी पातळ कवचाची अंडी घालायला लागतो. इथल्या घरट्यांमध्ये पाय मोडलेली पिल्लं सापडली आहेत. वरून पाहाल, तर सगळं हिरवंगार!

२९ मे २०१९ला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजन योजना बेकायदा ठरवली. 'आत्ता परवानगी घ्या, नायट्रोजन पुढे कमी करू' हा हिशेब चालणार नाही, असा त्याचा अर्थ. घरं, रस्ते, गोठे असे सुमारे १८ हजार प्रकल्प अडकले. ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन द हेगवर धडकले आणि हायवे तुंबले. मार्च २०२०मध्ये हायवेवरची दिवसाची वेगमर्यादा १३० वरून १०० वर आली. गायींमुळे गाड्यांना ब्रेक! पुढे मार्च २०२३च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला नवा पक्ष सगळ्यात मोठा ठरला.

माझी कॉलेजची एक मैत्रीण आम्स्टेलव्हीनला आयटीत आहे. दिवाळीचे दिवे, ढोलताशा, डोसा... सगळं मिळावं इतके भारतीय आहेत तिथे. ती म्हणते, "अगं, आम्ही इथे घर शोधतोय, तर बांधकामं अडकलीत नायट्रोजनमुळे! आधी मला वाटलं, एजंट थापा मारतोय." पक्षी वाचवायचे, की शेतकरी, की घर शोधणारी तरुण जोडपी? या प्रश्नाला तिथेही सोपं उत्तर नाही.

बुद्धिबळाचं गाव, पोलादाचा धूर

वाइक आन झे हे समुद्रकाठचं गाव बुद्धिबळप्रेमींना पाठ असतं. दर जानेवारीत तिथे मोठी स्पर्धा होते. विश्वनाथन आनंदने ती पाच वेळा जिंकली आणि २०२५मध्ये प्रज्ञानंदने गुकेशला टायब्रेकमध्ये हरवून बाजी मारली. स्पर्धेचं नाव टाटा स्टील, कारण शेजारचा आयमाउडनचा प्रचंड पोलाद कारखाना टाटांचा. १९१८ साली स्थापन झालेली ही कंपनी पुढे कोरस झाली आणि २००७मध्ये कोरसबरोबर टाटांकडे आली.

आरआयव्हीएम ही तिथली सरकारी आरोग्य आणि पर्यावरण संस्था. तिने २०२१मध्ये आसपासच्या गावांतल्या धुळीत शिसं आणि इतर घातक द्रव्यं जास्त असल्याचं सांगितलं. ती लहान मुलांसाठी चांगली नाही, असंही. २०२३च्या अहवालात तर हिशेबच मांडला: कारखान्याच्या धुरामुळे वाइक आन झेकरांचं आयुष्य सरासरी अडीच महिन्यांनी कमी होतं. कोळशाच्या भट्ट्यांच्या जागी कमी धूर करणारं तंत्रज्ञान आणायचं, असं आता ठरतंय. सप्टेंबर २०२५मध्ये सरकार आणि कंपनीत तसा प्राथमिक करार झाला. हजारो नोकऱ्या एका पारड्यात आणि अडीच महिने दुसऱ्या पारड्यात!

घरचं अंडं? नको रे बाबा!

आपल्याकडे 'गावठी अंडं' म्हणजे शुद्धतेचं शिखर. एप्रिल २०२५मध्ये याच आरआयव्हीएमने लोकांना सांगितलं, की परसातल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका, दुकानातली खा! कारण पीफास. नॉनस्टिक तव्यापासून रेनकोटपर्यंत वापरली जाणारी ही रसायनं निसर्गात जवळपास विरघळून संपतच नाहीत. देशभरातल्या घरगुती अंड्यांमध्ये ती सापडली. पीफासला वास नाही, रंग नाही.

सरकारला कोर्टात खेचा

मग फरक कुठे आहे? या लेखातले बहुतेक वाईट आकडे तिथल्या सरकारी संस्थांनीच मोजून जाहीर केलेत. आणि आकडा हातात आला, की सामान्य माणूस कोर्टात जाऊ शकतो. अर्जेंडा या संस्थेने ८८६ नागरिकांना बरोबर घेऊन सरकारवर केस केली. २० डिसेंबर २०१९ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: १९९०च्या तुलनेत हरितगृह वायू २०२०पर्यंत किमान २५ टक्क्यांनी घटवणं ही सरकारची कायदेशीर जबाबदारी आहे. जानेवारी २०२५मध्ये ग्रीनपीसच्या केसमध्ये द हेगच्या कोर्टाने नायट्रोजनसाठी २०३०ची मुदत घातली आणि ती चुकली तर १ कोटी युरो दंड!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी युरोपातून आलं आणि 'काय स्वच्छ देश आहे रे' म्हणून फोटो दाखवायला लागलं, तर फोटो जरूर बघा. पण फोटोत अमोनिया येत नाही. तो पकडायला मोजणारं यंत्र लागतं, आकडा न लपवणारी संस्था लागते आणि त्या आकड्यावरून भांडणारे नागरिक लागतात. डच हवेपेक्षा ही सवय इकडे आणायला सोपी आहे. तिला व्हिसा लागत नाही!

जाणार असाल तर...

* कधी : ट्युलिप्ससाठी एप्रिल. फेलुवेतल्या जांभळ्या हीदरसाठी ऑगस्टचा उत्तरार्ध.
* काय : द होगे फेलुवे नॅशनल पार्क. तिकीट काढून आत गेलात, की पांढऱ्या सायकली फुकट वापरायला मिळतात. आतच क्रोलर-म्युलर म्युझियममध्ये व्हॅन गॉगच्या चित्रांचा मोठा खजिना.
* कसं : ट्रेन, ट्राम, बस सगळीकडे कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टॅप करून जाता येतं. उतरताना टॅप करायला विसरू नका!
* बाटली फेकू नका : पाण्याच्या छोट्या बाटलीवर आणि कॅनवर १५ सेंट डिपॉझिट असतं. सुपरमार्केटमधल्या मशिनमध्ये टाका, पैसे परत घ्या.
* घरबसल्या : वसंतात युट्रेक्टच्या माशांची बेल दाबा. बॉसला मात्र सांगू नका!