मनगटावरची हत्यारपेटी

गेल्या दिवाळीत माझ्यावर एक परीक्षण करण्याची पाळी आली. पुस्तकाचे किंवा नाटकाचे नव्हे, एका हत्याराचे. आणि तेही जगात कुठेच अस्तित्वात नसलेल्या हत्याराचे. उभे आयुष्य टूलरूममध्ये आणि नंतर पोरांना फिटरकाम शिकवण्यात गेले. मुलांनी घासून आणलेले लोखंडाचे तुकडे तपासायचे, गुण द्यायचे आणि दोन शब्द ऐकवायचे, ही माझी जुनी सवय. ती माहीत असल्यानेच माझ्या नातवाने हे काम माझ्या गळ्यात घातले असावे.

आमचे घर तरसालीला. बडोद्याच्या दक्षिणेला, मकरपुऱ्याच्या शेजारी, हमरस्त्याच्या अंगाला हे पूर्वी वेगळे गाव होते. आता शहराने त्याला पोटात घेतले आहे. कारखाने जवळ, त्यामुळे आमच्या गल्लीत हत्यार ओळखणारी माणसे पुष्कळ. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. उंबरठा ओलांडताना चप्पल जशी आपोआप पायात जाते, तशी भाषाही तोंडात बदलते. दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

नातू बंगळूरचा. वय सोळा. दिवाळीच्या सुट्टीत आला तो लॅपटॉप घेऊनच. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “आजोबा, तुम्ही टूल्समधले एक्स्पर्ट ना? मग याला मार्क द्या.” पडद्यावर एक सैनिक उभा होता. त्याने हात उचलताच कोपरापासून मनगटापर्यंत नारिंगी उजेडाचे एक कवच उमटले. ‘मास इफेक्ट’ नावाचा हा खेळ. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने त्याचा पहिला भाग २००७ साली काढला, तिसरा २०१२ साली. गोष्ट घडते ती २१८३ सालापासून पुढे, आकाशगंगेच्या कानाकोपऱ्यात. आणि त्या उजेडाच्या कवचाचे नाव ‘ऑम्नी-टूल’. ऑम्नी म्हणजे सर्व. सर्वहत्यार म्हणा हवे तर.

“तुम्हाला सायन्स फिक्शन बोअर होईल का?” त्याने काळजीने विचारले. मी म्हटले, “अरे, जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही गोष्ट मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला दुसऱ्याच नावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले, तेव्हा तुझा बापसुद्धा जन्मला नव्हता. आम्ही दिवाळी अंकांतून हेच वाचत मोठे झालो. बोल तू.”

तो बोलू लागला. हे हत्यार दंडावर घालायचे. त्यात संगणक आहे, आसपासच्या वस्तूंची तपासणी करणारी यंत्रणा आहे आणि एक चिमुकला कारखाना आहे. प्लॅस्टिक, सिरॅमिक आणि हलके मिश्रधातू वापरून तो लहानसहान सुटे भाग जागच्या जागी बनवतो. नको असलेल्या वस्तू मोडून त्यांचे ‘ऑम्नी-जेल’ करायचे. त्यातून दुरुस्ती करायची, आणि कुलूप उघडण्याचे कोडे सुटेना झाले तर तेच जेल खर्चून कुलूपही उघडायचे. तिसऱ्या भागात तर मनगटातून लखलखते पाते बाहेर येते.

मी चष्मा पुसला आणि वही घेतली. काम करायचे तर नीट करायचे.

पहिला मुद्दा कल्पनेचा. ती काही आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेतल्या चेस्टर गूल्ड या चित्रकाराने १९४६ साली आपल्या डिक ट्रेसी या गुप्तहेराच्या मनगटावर बोलका रेडिओ बांधला. लोकांना तेव्हा ती थाप वाटली असेल. आज घड्याळात बोलणारी माणसे बडोद्याच्या बसमध्येही दिसतात. वस्तू थरावर थर चढवून छापण्याच्या युक्तीचे पेटंट चार्ल्स हल यांना १९८६ साली मिळाले आणि आता तशी यंत्रे कॉलेजांतूनही असतात. तेव्हा कल्पनेला दहापैकी आठ.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. हलका मिश्रधातू म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमच्या जातीचा. ॲल्युमिनियम वितळते ६६० अंश सेल्सिअसला. एवढी भट्टी दंडावर बांधून फिरणारा माणूस मला पाहायचा आहे. चार गुण.

तिसरा मुद्दा पात्याचा. नातवाने वाचून दाखवले की ते सिलिकॉन कार्बाइडचे असून क्षणात ‘घडवले’ जाते. इथे मी त्याला थांबवले. सिलिकॉन कार्बाइडशी माझी जुनी ओळख. ग्राइंडरवरची ती हिरवी चाके, ज्यांवर कार्बाइडच्या हत्यारांना धार लावतात, ती याचीच. कठीण खरे, हिऱ्याच्या खालोखाल म्हणावे इतके, पण ठिसूळ. चाक हातातून पडले की तडा गेलाच समजा. आणि ते लोखंडासारखे घणाखाली घडत नाही. साध्या दाबाखाली तापवले तर वितळतही नाही. त्याची भुकटी दाबून दोन हजार अंशांच्या आसपास मडक्यासारखी भाजावी लागते. ज्याने हे लिहिले त्याने कारखाना पाहिलेला नाही. तीन गुण.

नातू हसत होता, पण ऐकत होता. मग म्हणाला, “आणि ट्रान्सलेटर? यात सगळ्यांकडे मशीन असते. कुठल्याही ग्रहावरचा माणूस बोलला तरी कळते. हे असते तर मी समोरच्या बांशी बोललो असतो. त्या रोज काहीतरी विचारतात, मी नुसता मान हलवतो.”

याला किती गुण द्यावेत ते मला लगेच सुचेना. वही मिटली आणि चहा टाकायला उठलो. पण तो काही पाठ सोडेना. “आजोबा, ते जेल असते तर आजीची ट्रंक आपण एका मिनिटात उघडली असती!”

आता ट्रंकेचे सांगायला हवे. ही जाऊन तीन वर्षे झाली. तिची पत्र्याची हिरवी ट्रंक खाटेखाली आहे आणि तिची किल्ली सापडत नाही. सुनेने दोनदा विचारले, मुलाने एकदा. सगळ्यांना मी एकच सांगत आलो, “सापडेल, घाई काय आहे?” कुलूप अंगचेच, जुन्या पद्धतीचे, फार साधे. माझ्यासारख्याने तासाभरात किल्ली करावी. हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून सगळ्यांना वाटे की मला ती ट्रंक उघडायचीच नाही. दुःख आहे, बोलू नये.

खरी गोष्ट वेगळी होती. माझा उजवा हात कापतो. चहाची बशी डाव्या हातात धरतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हिच्या वर्षश्राद्धानंतर मी एकदा दार लावून किल्ली घासायला बसलो होतो. तिसऱ्या हाताला कानस सटकली आणि पितळेवर असा आडवा ओरखडा उमटला की पहिल्या महिन्यातल्या पोराच्या जॉबवरही मी तो चालवून घेतला नसता. ती किल्ली भंगारात टाकली आणि पेटी बंद केली. हातोडा घालून कुलूप तोडता आले असते, पण तोडले असते तर मला घासता येत नाही हे माझ्यापुरते तरी कबूल करावे लागले असते.

नातू दारात उभाच होता. का कोण जाणे, मी हात त्याच्यापुढे धरला. तो कापत होता. “जेल नाही,” मी म्हटले, “पण तुझा हात आहे. बसतोस?”

बारीक कानस माझ्या पेटीत नव्हती. ती बांच्या मुलाने उसनी नेलेली. नातवाला म्हटले, “जा, घेऊन ये.”

“काय म्हणू? गुजरातीत कानसला काय म्हणतात?”

“कानसच.”

त्याला खरे वाटेना. मग मी बोटांवर मोजून दाखवले. कानस म्हणजे कानस. करवत म्हणजे करवत. पक्कड म्हणजे पक्कड. आपला पाना त्यांचे पानुं, आपला रंधा त्यांचा रंधो, आपला ओळंबा त्यांचा ओळंबो, आपली सांडशी त्यांची साणसी. कारागिरांनी ही हत्यारे एकमेकांना दिली तेव्हा नावेही बरोबरच गेली असणार. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले, ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले आणि कारागिरीचे शिक्षण लोकांच्या भाषेत द्यायचे असे ठरवले. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी तिथेच शिकले. त्या कामशाळांमधून मराठी आणि गुजराती पोरे एकाच बाकावर घासत बसली असतील, तेव्हा त्यांना दुभाष्या लागला असेल असे मला वाटत नाही.

तो गेला आणि पाच मिनिटांत कानस घेऊन आला. चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद. “मी म्हटले, बा, कानस आपो. आणि त्यांनी दिली!” बाही त्याच्या मागोमाग आल्या होत्या, मास्तरांकडे काय चालले आहे ते पाहायला.

कोरी पितळेची किल्ली मांडवीच्या बाजारातून पूर्वीच आणून ठेवलेली होती. दिवाळीचे दिवस, पणत्या घरात होत्याच. किल्लीचे पाते पणतीच्या ज्योतीवर धरून काजळी धरवायची, कुलपात घालून अलगद फिरवायची आणि बाहेर काढून उजेडात पाहायची. आतल्या कडा जिथे अडतात तिथली काजळी पुसली जाऊन पितळ चमकते. तेवढेच घासायचे. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. कुलूप स्वतःच सांगत जाते की मला कुठे टोचते आहे.

मी सांगत होतो, तो घासत होता. “पुढे जाताना दाब, परत येताना उचल. कानसचे दाते पुढेच कापतात. मागे ओढताना दाबलीस तर तिची धार मरते.” पहिली पाच मिनिटे तो करवतीसारखी ओढत होता. मग खांदा सैल झाला, आवाज बदलला. घासण्याचा आवाज बरोबर आला की मला डोळे मिटूनही कळते. तो आला. दीड तास लागला, अकरा वेळा काजळी धरली. बाराव्या खेपेला किल्ली फिरली.

ट्रंकेत काही धन नव्हते. दोन गोधड्या, मुलाची जुनी प्रगतिपुस्तके, आणि तळाशी जुन्या पातळात गुंडाळलेला पितळेचा सोऱ्या. बांनी तो पाहताच “संचो!” म्हणून हातात घेतला. शेवेच्या दोन जाळ्या होत्या, फाफड्याची चपटी होती, चकलीची नव्हती. मी पुन्हा ट्रंकेत हात घातला, तर बा म्हणाल्या, “मास्तर, चकरीनी जाळी तो मारे त्यां छे.” ही आजारी पडण्यापूर्वीच्या दिवाळीत त्यांनी ती उसनी नेली होती. परत द्यायला दोनदा दारापर्यंत आल्या आणि मला पाहून तशाच फिरल्या. हे त्या गुजरातीत सांगत होत्या. नातू मान हलवत नव्हता. त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

रात्री मी वही पुन्हा उघडली. ऑम्नी-टूलचे राहिलेले गुण लिहायचे होते. तपासणी यंत्रणेला नऊ, आमच्या ०.०१ मिलिमीटरच्या मायक्रोमीटरला लाजवील अशी ती असणार. दुभाष्याला सात, दवाखान्यात, परदेशी रस्त्यावर, एकट्या माणसाला त्याचा मोठाच आधार होईल, आणि म्हाताऱ्याने उगाच नाक मुरडू नये. कापणाऱ्या हातालाही असे यंत्र वरदानच ठरेल, हे मी स्वतःवरून लिहिले.

पण शेवटचा एक रकाना मी स्वतःच आखला. हे हत्यार दुसऱ्याला देता येते का? ज्याचे त्याच्या दंडावर, उजेडाचे बनलेले. काढून शेजाऱ्याच्या हातात ठेवता येत नाही. ते असते तर बांच्या मुलाने माझी कानस नेली नसती आणि नातू ती मागायला गेला नसता. चकलीची जाळीही त्या घरी पडून राहिली नसती. आणि कुणाला काही मागावे लागत नाही, म्हणून मी माझा हात आणखी दहा वर्षे लपवून ठेवला असता. त्या रकान्यात शून्य लिहिले.

नातवाने वही वाचली, वाद घातला, दोन गुण वाढवून घेतले. मग विचारले, “आणि माझ्या किल्लीला?”

“सहा.”

“सहाच? उघडले ना कुलूप!”

“उघडले म्हणून सहा. कडेला बर ठेवलीस, ती काढली नाहीस. बोट लावून बघ.”

त्याने बोट लावून पाहिले, काही बोलला नाही आणि कानस घेऊन पुन्हा बसला. बंगळूरला निघताना बारीक कानस त्याच्या पिशवीत दिसली. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, “उसनी नेतोय, आजोबा. पुढच्या दिवाळीला आणून देतो.”