नागासाकीचा किनारा

नागासाकी म्हटले की आपल्या मनात एक तारीख उभी राहते आणि तिच्यामागचा सगळा मुलूख झाकून जातो. मी शाळेत इतिहास आणि भूगोल दोन्ही शिकवतो. एकाच मास्तराच्या गळ्यात हे दोन विषय पडले म्हणजे एक लाभ होतो. तारीख आली की नकाशा उघडायची सवय लागते. नागासाकीचा नकाशा मी असा पुष्कळदा उघडला आहे, आणि दर वेळी तो मला आमच्या कोकणाचा चुलतभाऊ वाटला आहे.

क्यूशू बेटाच्या पश्चिम अंगाला हा प्रांत आहे. क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरांच्या थोडे वर. म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या निम्म्याहून काहीसे अधिक. पण किनारा मोजायला बसाल, तर चार हजार किलोमीटरही पुरत नाहीत! डोंगरांमधल्या दऱ्यांत समुद्र शिरला आणि जमिनीची कड उंदराने कुरतडलेल्या कागदासारखी झाली. २०२३ साली जपानने आपली बेटे नव्याने मोजली, तेव्हा या एका प्रांताच्या वाट्याला १,४७९ आली. साऱ्या देशात सर्वांत अधिक. त्यांतले त्सुशिमा तर कोरियापासून जेमतेम पन्नास किलोमीटरांवर. अशा मुलखाचे दोन गुण असतात. परक्या गलबताला आसरा द्यायला खाड्या असतात, आणि आपल्याच राजापासून लपायला बेटे असतात. नागासाकीचा इतिहास या दोन गुणांतून घडला.

१५७१ पासून पोर्तुगीज जहाजे नागासाकीच्या बंदराला लागू लागली. त्यांच्याबरोबर रेशीम आले, तसा ख्रिस्ताचा धर्मही आला. आपल्या वसईचा एक माणूस याच वाटेने तिकडे गेला. गोन्सालो गार्सिया त्याचे नाव. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. त्याने तिकडे व्यापार केला, जपानी भाषा आत्मसात केली, पुढे फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि हिदेयोशीच्या दरबारात दुभाषी झाला. पण हिदेयोशीची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवले, त्यांत वसईचा हा दुभाषी होता.

१६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १६३७ साली शिमाबाराचे शेतकरी, करांनी पिचलेले आणि धर्मापायी छळलेले, बंड करून उठले. पुढच्याच वर्षी हारा किल्ल्यात त्यांचा निःपात झाला. मग जपानने दारे लावून घेतली. युरोपियनांपैकी डचांना तेवढी देजिमा या समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर जागा मिळाली. लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी ७५. दोनशे वर्षे युरोप जपानला भेटला, तो एवढ्याशा अंगणात!

पण मला ओढ लागते ती लपलेल्या माणसांची. दर वर्षी नागासाकीच्या लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागे. पाय देऊन माणसे घरी येत आणि दार लावून क्षमा मागत. कोणी कान्नोन देवीच्या मूर्तीतच मेरी पाहत. पाद्री एकही उरला नव्हता. गावातलाच एक जण सणवार मोजी, दुसरा तान्ह्या मुलांच्या डोक्यावर पाणी घाली. प्रार्थनेला ते ‘ओराशो’ म्हणत; मूळ लॅटिन ‘ओरासियो’. तोंडातून कानात, कानातून तोंडात जाता जाता शब्द झिजले, अर्थ गळून गेला, प्रार्थना उरली. आणि हे चालले सुमारे सात पिढ्या! १८६५ साली परदेशीयांसाठी ओउरा येथे चर्च उभे राहिले, तेव्हा उराकामी गावची काही माणसे बिचकत आत आली. त्यांतल्या एका बाईने फ्रेंच पाद्र्याला हळूच सांगितले की, आमचे मन तुमच्यासारखेच आहे.

माझी आजी पहाटे रामरक्षा म्हणत असे. तिला अक्षरओळख नव्हती, संस्कृत तर दूरच. तिच्या तोंडी कित्येक शब्द भलतेच झाले होते. पण ते तिच्या आईकडून आले होते आणि तेवढे तिला पुरत होते. आम्हा मास्तरांचा धंदा अर्थ सांगण्याचा. इथे मास्तर गेला, पुस्तक गेले, अर्थ गेला, तरी शिकवलेले टिकले. बंदी १८७३ मध्ये उठली. तोवर उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना हद्दपारी भोगावी लागली होती. पुढे पुष्कळ घरे चर्चकडे वळली. काही मात्र वळली नाहीत. शुद्ध प्रार्थना समोर असताना त्यांनी घरातली झिजलेलीच धरून ठेवली. मला ती माणसे कळतात.

उराकामीकरांनी परतल्यावर मोठे चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब घेऊन निघालेले विमान आधी कोकुरावर गेले होते. खालचे काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. बॉम्ब फुटला उराकामीच्या खोऱ्यावर, त्या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरावर. मधल्या डोंगरांनी बंदराकडच्या शहराला काहीसा आडोसा दिला आणि खोऱ्याची भट्टी केली. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसे गेली. चर्च १९५९ साली पुन्हा उभे राहिले.

जगाने २०१८ मध्ये या लपलेल्या ख्रिस्ती वस्त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. पण मानपत्राने घरात दिवा लागत नाही. बेटांवरची तरुण मुले पोटासाठी शहरांकडे गेली. ओराशो म्हणणारे थोडे उरले, तेही म्हातारे. छळाला जे मोडता आले नाही, ते रिकाम्या घरांनी मोडत चालले आहे. आमच्या खाडीकाठीही निम्म्या दारांना कुलपे आहेत आणि सातवीच्या वर्गात यंदा नऊ मुले आहेत. तीही उद्या मुंबईला जातील. त्यांना अडवणारा मी कोण? मी एवढेच करतो. हल्ली कवितेचा तास असला की अर्थ नंतर सांगतो. आधी ती त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतो, पुन्हा पुन्हा, पाठ होईपर्यंत. अर्थ काय, त्यांना पुढे कोणीही सांगेल.