न सापडलेली शिट्टी

गेल्या दिवाळीत पुतण्या अमेरिकेहून आला. शिकागोजवळ नोकरीला असतो. येताना घरातल्या प्रत्येकासाठी त्यानं काही ना काही आणलं होतं. माझ्या हातात एक खाऊचं पाकीट ठेवलं. नाव क्रॅकर जॅक. मी माळकरी माणूस, बाहेरचं काही तोंडात टाकायच्या आधी दहा वेळा विचारतो. तर म्हणाला, "काका, बिनधास्त खा. मक्याच्या लाह्या न् शेंगदाणे आहेत, काकवीच्या पाकात घोळवलेले." खाऊन बघितलं. आपल्याकडं गुळाच्या पाकात लाह्यांचे लाडू वळतात, त्याचाच हा न वळलेला भाऊ.

मग त्यानं त्याची हकिगत सांगितली. शिकागोच्या रूकहाइम नावाच्या भावांनी १८९६ साली हा खाऊ ह्या नावानं बाजारात आणला. १९१२ पासून प्रत्येक डब्यात लहान मुलांसाठी एक छोटं खेळणं किंवा चित्र घालायला सुरुवात झाली. तिकडच्या चार पिढ्या ते खेळणं शोधत मोठ्या झाल्या. २०१६ पासून मात्र खेळणं बंद झालं, आता आत एक कागद असतो आणि त्यावरची खूण मोबाइलला दाखवून खेळ खेळायचा असतो.

तो बोलत होता आणि माझा हात माझ्याही नकळत पाकीट कानाशी नेऊन हलवत होता. पुतण्या हसला. "काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

कुणी शिकवलं ते त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो, माऊली.

आमचं गाव फलटण तालुक्यात, पालखीच्या वाटेपासून तीन कोस आत. आजी दरसाल ज्ञानोबारायांच्या सोहळ्यात बरडपासून पंढरपूरपर्यंत चालायची. १९८७ साली मी नऊ वर्षांचा होतो, त्या वर्षी पहिल्यांदा तिनं मला बरोबर नेलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही खालच्या आळीतल्या आत्याकडं गेलो. सख्खी आत्या नव्हे, अख्खा गाव तिला आत्याच म्हणायचा. आजीची ती वारीतली सोबतीण. दोघींनी कितीतरी वाऱ्या एका दिंडीत केलेल्या. पण आदल्या वर्षी आत्याचे गुडघे धरले ते धरलेच. ओट्यापर्यंत यायलाही भिंत लागायची. तिनं उशाखालून एक चिंधी काढली. त्यात एक-एक रुपयाची पाच नाणी बांधलेली. म्हणाली, "माझं म्हणून नामदेव पायरीवर ठेव. आन् डोकं टेकव माझ्या नावानं." आजीनं ती चिंधी चंचीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

वारीच्या वाटेवर दुकानं कशी लागतात ते तुम्हाला सांगायला नको. त्या काळी पालखीतळाजवळच्या टपऱ्यांवर दोरीला ओळीनं पाकिटं टांगलेली असायची. मक्याच्या पिठाची पिवळी पोकळ बॉबी, चार आण्याला एक पाकीट, आणि आत प्लॅस्टिकचं खेळणं. अंगठी, भिंगरी, बेडूक, नाहीतर शिट्टी. शिट्टी हजारात एक. आमच्या दिंडीतल्या एका पोराला बरडला ती सापडली होती आणि दिवसभर तो चोपदारासारखा मिरवत होता. बॉबी कुणाला हवी होती? पाकीट दाबून, कानाशी हलवून, उन्हाकडं धरून आम्ही आत काय आहे त्याचा अंदाज घ्यायचो. दुकानदार हातावर फटका मारायचा. त्यालाही ठाऊक होतं की पोरं खाऊ विकत घेत नाहीत, फोडायच्या आधीचा तो एक क्षण विकत घेतात. व्यापारी हुशार जात. शिकागोचा काय, नातेपुत्याचा काय.

आजी मला रोज चार आणे द्यायची. पहिल्या पाकिटात अंगठी निघाली. दुसऱ्यात परत अंगठी. नातेपुत्याच्या मुक्कामी पहाटे आजी आंघोळीला गेली तेव्हा मी चंची उघडली, चिंधीची गाठ सोडली आणि एक नाणं काढलं. गाठ हलकी लागू नये म्हणून वाटेवरचा एक चपटा खडा नाण्याच्या जागी ठेवला. एवढी अक्कल नवव्या वर्षी कुठून येते कोण जाणे. वेळापूर येईपर्यंत चिंधीत पाच खडे होते. वीस पाकिटं फोडली मी. सात अंगठ्या, सहा भिंगऱ्या, पाच बेडूक, दोन रिकामी. शिट्टी नाही. बॉबी दिंडीतल्या पोरांना वाटली, उरलेली स्वतः खाल्ली, आणि भंडीशेगावच्या मुक्कामी पोट असं बिघडलं की आजी रात्रभर माझ्या उशाशी ओवा आणि गरम पाणी घेऊन बसली. दिवसभराची चाल झालेली ती बाई. मी डोळे मिटून पडलो होतो, झोप मात्र लागली नव्हती.

आषाढीला मंदिराची बारी एवढी लांब होती की आम्ही कळसाला हात जोडले आणि महाद्वारी नामदेव पायरीशी गेलो. आजीनं चिंधी काढली, गाठ सोडली. तळहातावर पाच खडे पडले. मागून गर्दीचा रेटा येत होता. ती खड्यांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मारलं नाही, ओरडली नाही. पोलक्यातून पाच रुपयांची नोट काढली, परतीच्या एसटीसाठी ठेवलेली, आणि पायरीवर ठेवली. माझी मान धरून डोकं टेकवलं. "हे आत्याचं," एवढंच म्हणाली. खडे परत चिंधीत बांधले.

काला झाल्यावर आम्ही दिंडीच्या सामानाच्या ट्रकमधून तंबूच्या बांबूंवर बसून बरडला उतरलो आणि तिथून तीन कोस चालत घरी. आजी वाटेत हरिपाठ म्हणत होती. माझ्याशी एक शब्द नाही.

इथं थोडं थांबतो. प्रसादाची पुडी बांधताना मला अजून त्या पाकिटांची आठवण होते. चुरमुरे, बत्तासे, बुक्का, कुंकू. दरसाल तेच. उघडायच्या आधी आत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत, घेणाऱ्यालाही. तरी घेणारा दोन्ही हात पुढं करतो. उलट पाकिटाचा सगळा जीव आत लपवलेल्या वस्तूत. आपण मोठी माणसंही वारीला निघताना पुष्कळदा मनात पाकीट धरून निघतो. पोराची नोकरी, बांधावरचा दावा, लेकीचं जमणं. पायरीवर डोकं टेकवून बाहेर आल्यावर कानाशी हलवून बघतो, वाजलं का काही. मी स्वतः बघितलं आहे, म्हणून लिहितो. ह्यात पाप आहे असं मला वाटत नाही. पण त्या नादात वाटेवरचं काय काय निसटतं, ते मला आत्याच्या ओट्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी आजी मला तिच्याकडं घेऊन गेली. प्रसाद दिला, बुक्का लावला, आणि खड्यांची चिंधी आत्याच्या गोधडीवर ठेवून म्हणाली, "आता पुढचं हाच सांगंल तुला." आणि उठून अंगणात गेली.

मी सांगितलं. रडत, नाक पुसत, नाण्यामागून नाणं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग घावली का शिट्टी?"

"न्हाय."

ती हसली. मला वाटलं सुटलो. खिशातली खेळणी तिनं गोधडीवर मांडायला लावली. अंगठी बोटात जाते का बघितली, करंगळीच्या पहिल्या पेरावर अडकली. बेडूक उलटासुलटा करून पाहिला. पाकीट फोडायच्या आधी आम्ही कसं हलवायचो तेही करून दाखवायला सांगितलं. मग पाठ भिंतीला टेकवून सहज म्हणाली, "बरं. पुरंदवड्याचं रिंगण सांग. घोडं कसं पळालं?"

आता काय सांगणार? रिंगणाच्या वेळी मी मैदानाच्या कडेला एका टपरीशी उभा होतो, पाठ रिंगणाकडं. गजर ऐकला होता, धूळ उडालेली पाहिली होती, एवढंच. पण खरं सांगायची माझी त्या दिवसापुरती ताकद संपली होती. मी सुरू केलं. पताका कशा होत्या, टाळ कसे वाजत होते, आणि दोन घोडे कसे पळाले, दोघांवर कसे फेटेवाले स्वार बसले होते.

आत्याचा चेहरा उतरला. "आरं लेकरा," ती हळू आवाजात म्हणाली, "माऊलींच्या अश्वावर कुणी बसत न्हाय. त्येच्यावर माऊली असत्यात." थोडा वेळ गेला. "म्हंजी तू पायलंच न्हाईस."

पाच रुपये गेल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं. वर्षभर ती ह्या हकिगतीची वाट बघत असणार. आजी सांगायचीच, पण आजीनं पाहिलेलं तिनंही पाहिलेलं होतं. नव्या डोळ्यांनी कुणी पाहिलेलं तिला ऐकायचं होतं आणि मी ते चार आण्यांच्या पाकिटात फोडून आलो होतो.

"पुढल्या साली नीट बघ," ती म्हणाली. "आन् येऊन मला सांग."

पुढच्या वर्षी मी सगळ्यात पुढं, बसलेल्या बायकांच्याही पुढं घुसून बसलो. स्वाराचा अश्व आधी सुटला, जरीपटका घेऊन. त्याच्या मागं माऊलींचा अश्व, पाठ मोकळी. माझ्यापासून दोन हातांवरून तो गेला तेव्हा त्याच्या नाकपुड्यांचा आवाज ऐकू आला. रिंगण संपल्यावर माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. मीही धावलो. घरी आल्यावर आत्याला सांगायला बसलो तो दिवेलागण होईस्तोवर उठलो नाही. तिनं दोन ठिकाणी चूक काढली. मग म्हणाली, "टापंखालची माती लावलीस का?"

मी खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती लगेच उघडली नाही. आधी कानाशी नेली आणि हलवून बघितली.