गेला

फ्लोरिडात राहणाऱ्या भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. रात्र, गुडघाभर पाणी, कपाळावरच्या बॅटऱ्यांचा उजेड आणि त्यात हातोड्यासारख्या डोक्याचा भलाथोरला शार्क. तिघांनी तो धरला, गळ काढला, तोंड खोल पाण्याकडे वळवलं. शेपटी हलली. काठावर टाळ्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय मामा, गेला."

मराठीत हा शब्द मोठा फसवा. भाच्याच्या मनात त्यातला एकच अर्थ होता.

दुसरा अर्थ मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली मोजला. पकडून सोडलेल्या शार्कना त्यांनी उपग्रहाला खबर देणारे टॅग लावले होते. चार आठवड्यांनी टायगर शार्क जवळजवळ सगळे जिवंत. ग्रेट हॅमरहेड मात्र निम्म्याच्या आसपास. टायगर लवकर नमतं घेतो, हॅमरहेड जिवाच्या आकांताने झुंजतो. रक्तात लॅक्टेट साचत जातं. त्यातून श्वासासाठी त्याला पोहत राहावं लागतं, आणि दमलेल्याला तेच जमत नाही. ज्या झुंजीसाठी गळ टाकायचा, तीच त्याला मारते. एप्रिल २०२३ मध्ये अलाबामातल्या ऑरेंज बीचवर अशी एक चौदा फुटी मादी मरून लागली. पोटात चाळीस पिल्लं. गळाला लागून दमली असावी, असा तिथल्या जाणकारांचा कयास.

आम्ही मालवणकडचे, मोरीचं, म्हणजे शार्कचंच, मटण ओरपत वाढलेले. तेव्हा उपदेशाचा अधिकार मला जरा बेताचाच. पण ताटातली मोरी मेलेली आहे याबद्दल कुणाला शंका नसते. आणि आपल्याकडे व्हेल शार्क जाळ्यात सापडला तर कोळी पोटाचं जाळं फाडून त्याला सोडतो. २०१८ पासून सरकार त्याची भरपाई देतं. त्या कोळ्यासाठी सोडणं हा तोटा असतो. फ्लोरिडात सोडायचं म्हणूनच धरायचं, हे काही केल्या माझ्या गळी उतरेना.

तसं म्हटलं, तर भाचा चिडला. अमेरिकेत १९६२ पासून हौशी गळवाल्यांनीच हजारो शार्कना खुणा लावल्या, त्यावरून त्यांच्या वाटा कळल्या, म्हणाला. खरं आहे ते. फ्लोरिडाने २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्क धरणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. तो फुकट मिळतो, पण आधी शिकवणी घ्यावी लागते. गळ कापायचं हत्यार जवळ हवं, आणि हॅमरहेडसारख्या संरक्षित शार्कचे कल्ले पाण्याबाहेर येता कामा नयेत. नियमात सगळं आहे. किती वेळ झुंजवायचं, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

परवा त्याचा फोन आला. पुन्हा हॅमरहेड लागला होता. ओळखू आल्याबरोबर दोरी कापली म्हणे.

"केवढा होता?"

"काय माहीत. नीट दिसलाच नाही."

आवाजात हिरमोड होता. मी विषय बदलला नाही.