फोनवर न सांगितलेला पाऊस

घर सोडून कॉलेजला गेलेल्यांच्या आठवणी बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या असतात. माझ्या रत्नागिरीच्या आहेत. लातूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा मासे शिकायला कोकणात चाललाय, याची गावात बरीच चेष्टा झाली होती. पण शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात (दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, १९८१ पासूनचं) राज्यभरातून मुलं यायची. त्यातलाच मी एक. साल २००३.

पहिल्या सेमिस्टरला अभ्यासापेक्षा पावसानेच जास्त छळलं. आमच्याकडे वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर पडला तरी लोक खूश. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर! तीन-तीन दिवस कपडे वाळत नसत. चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी. दोन्ही वेळा भात, आणि ज्वारीच्या भाकरीची स्वप्नं. समुद्राची गाज रात्री झोपू द्यायची नाही.

पण खरी पंचाईत व्हायची रविवारी, कॉइन बॉक्सवरून घरी फोन करताना. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाऊस आहे का रे तिकडं?" बाहेर पत्र्यावर इतका आवाज की मला त्यांचं नीट ऐकूही यायचं नाही. आणि मी म्हणायचो, "आहे थोडाफार." ज्याची पेरणी वाळून चाललीय त्याला धो-धो पावसाचं कौतुक काय सांगणार? मग तेही म्हणायचे, "इकडं पण येईल. तू जेवतोस ना?" फोन संपला.

मी राहायचो ते शिरगावातलं कौलारू घर. घरात काकी एकट्याच. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला, आणि मला मिळालेली खोली त्याचीच. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने चिकटवलेली क्रिकेटवाल्यांची चित्रं तशीच होती. माकडांनी कौलं हलवली की स्वयंपाकघर गळायचं, काकी खाली टोप ठेवायच्या. मुलाचा फोन आला की त्याच टोपाशेजारी उभं राहून सांगायच्या, "घर अगदी ठणठणीत आहे हो. तू काळजी करू नको."

ते ऐकलं आणि मला एकदम आमचं घर दिसलं. म्हणजे मी नसलेलं आमचं घर! आई-बाबा फोन ठेवल्यावर काय बोलत असतील, विहिरीला पाणी किती उरलंय, हे मला कोण सांगत होतं?

रत्नागिरीला ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत जवळपास १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ ला १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. पुरुष कामासाठी बाहेर, मागे काकींसारख्या कितीतरी जणी. गणपतीत मात्र चाकरमानी घरी आले आणि वर्षभर मुकी असलेली घरं पाच दिवस बोलायला लागली. काकींचा मुलगा आला तेव्हा आम्ही दोघं एकाच खोलीत झोपलो. पहिल्याच सकाळी तो शिडी लावून कौलांवर चढला. काकींनी काही सांगितलं नव्हतं, पण त्याला माहीत होतं!

सवय कधी झाली ते नेमकं सांगता येणार नाही. दिवाळीला घरी गेलो तेव्हा मीही काही न विचारता आधी विहिरीत डोकावलो, एवढं आठवतं. बाबा मागे येऊन उभे राहिले. मग मी त्यांना कोकणातला पाऊस सांगितला, खरा, सगळा. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "एकदा बघायला आलं पाहिजे."

आता व्हिडिओ कॉलवर सगळं दिसतं म्हणतात. तरी घरापासून दूर राहणारं पोरगं "मी ठीक आहे" एवढंच सांगतं, आणि घरचेही तेच. तुमचं कोणी यंदा बाहेर शिकायला गेलं असेल, तर "कसा आहेस" विचारू नका. कपडे वाळतात का ते विचारा. आणि आपलं छप्पर गळत असेल तर तेही सांगून टाका. पोरांना तेवढं झेपतं.